‘आई औषधं नीट देत नाही’ : एका चांगल्या मापाची चिकित्सा

पेपरची चिकित्सा करा म्हटलं की आपण सगळे साधारण एकच लिहितो. सॅम्पल लहान आहे, अभ्यास परदेशात झालाय, पुढे अजून संशोधन व्हायला हवं. कोर्सवर्कला मीही हेच लिहून मार्क मिळवलेत. पण ही तीन वाक्यं पेपर न वाचताही लिहिता येतात. म्हणून आज असा पेपर घेऊ जो खरंच चांगला आहे, ज्याचं सॅम्पलही लहान नाही, आणि तरी माझ्या फील्डवर्कमध्ये तो एका आईच्या विरुद्ध साक्ष देऊन गेला. चूक पेपरची की तो वापरणाऱ्यांची, हे ठरवायला मला जवळपास वर्ष लागलं. तुमचं तेवढं जाऊ नये म्हणून लिहितेय.

आधी विषय. लहान मुलांमध्ये यकृत प्रत्यारोपणाचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे बिलिअरी अट्रेशिया. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच पित्त वाहून नेणाऱ्या नलिका बंद पडत जातात, कावीळ उतरत नाही, शी पांढरट होते. पहिल्या साठेक दिवसांत कसाई नावाची शस्त्रक्रिया झाली तर (कसाई हे जपानी सर्जनचं आडनाव आहे, वॉर्डात हे ऐकून दचकणारे नातेवाईक मी पाहिलेत) काही मुलं सावरतात. बाकीच्यांना पुढे प्रत्यारोपण लागतं. भारतात लहान मुलाचं पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण १९९८ साली दिल्लीत झालं. आपल्याकडे यकृताचा तुकडा देणारे बहुतेक वेळा आई किंवा वडीलच असतात.

ऑपरेशन झालं की सुटलो, असं घरच्यांना वाटतं. तिथून पुढे टॅक्रोलिमस सुरू होतं. शरीराने तो तुकडा परका समजून त्याच्यावर हल्ला करू नये म्हणून हे औषध दिवसातून दोनदा, बारा-बारा तासांनी, बहुतेकांना आयुष्यभर घ्यावं लागतं. कमी पडलं तर रिजेक्शन, जास्त झालं तर मूत्रपिंडाला इजा आणि जंतुसंसर्गाचा धोका. म्हणून रक्तातली पातळी पुन्हा पुन्हा तपासतात, आणि ती तपासायची पुढचा डोस घ्यायच्या अगदी आधी, कारण त्या वेळी ती सगळ्यात खाली असते. याला ट्रफ लेव्हल म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

या काळात कुटुंबाच्या बाजूने कोण उभं राहतं, हा माझ्या पीएचडीचा प्रश्न. इंग्रजीत ‘पेशंट अ‍ॅडव्होकेट’ असं शोधलंत तर अमेरिका सापडते. तिथे सारा लॉरेन्स कॉलेजात १९८० साली हेल्थ अ‍ॅडव्होकसीचा पदव्युत्तर अभ्यासक्रमसुद्धा सुरू झाला. आपल्याकडे पदवी नसली तरी माणूस आहे, आणि त्याला नावही आहे : रुग्णमित्र. (पहिल्या मसुद्यात मी ‘रुग्ण-अधिवक्ता’ लिहिलं होतं. गाईड मॅडमनी समासात विचारलं, “हे कोण? कोर्टात भेटतात का?”) धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, ही मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू झालेली योजना. त्या खाटेसाठी तहसीलदाराचा कुठला दाखला लागतो, मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज कसा भरायचा, ट्रस्टना पत्रं कशी लिहायची, हे सगळं या मंडळींना तोंडपाठ असतं. कोणी पक्षाच्या कार्यालयातून आलेले, कोणी संस्थेचे, आणि काही जणी स्वतःच्या मुलाच्या आजारपणात हे शिकलेल्या आया. माझं काम मुख्यतः या आयांबरोबर चालतं.

आता पेपर. २०१७ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ ट्रान्सप्लांटेशन’मध्ये एयाल शेमेश आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास छापला. अमेरिकेतली पाच केंद्रं, यकृत प्रत्यारोपण झालेली ४०० मुलं. प्रश्न असा की, मूल औषध नियमित घेतंय का हे ओळखायचं कसं? घरच्यांना विचारून फारसं कळत नाही. पांढरा कोट समोर असला की “देतो ना, रोज देतो” हेच उत्तर येतं; इथेही आणि तिथेही. म्हणून त्यांनी एक माप वापरलं : मेडिकेशन लेव्हल व्हेरिएबिलिटी इंडेक्स. एका मुलाच्या ओळीने घेतलेल्या ट्रफ लेव्हल्सचं स्टँडर्ड डेव्हिएशन काढायचं, बस्स. पातळी स्थिर असेल तर आकडा लहान, उड्या मारत असेल तर मोठा. आकडा २ च्या वर गेला की उशिरा होणाऱ्या रिजेक्शनचा धोका वाढतो, असं त्यांनी दाखवलं.

या मापाचं मला कौतुक आहे, आणि ते आधी सांगणं हा चिकित्सेचा भाग आहे. जास्तीचा खर्च नाही, नवीन प्रश्नावली नाही, मुलाला वेगळी सुई नाही. आकडे केस पेपरवर आधीच असतात. शिवाय शेमेश हे बालमानसोपचारतज्ज्ञ; त्यांना कुटुंबांना दोष द्यायचा होता असं म्हणायला काहीही आधार नाही. उलट २००० साली त्यांच्याच गटाने एका छोट्या अभ्यासात दाखवलं होतं की औषध टाळणाऱ्या काही मुलांना मोठ्या आजारपणाचा मानसिक धक्का बसलेला असतो आणि गोळी ही त्यांना त्याची रोजची आठवण वाटते. ज्या माणसाने हे पाहिलं त्याला ‘आई निष्काळजी’ असं म्हणायचं नव्हतं.

मग अडचण कुठे आहे? जरा हातानं गणित करून बघा. आकडे समजावण्यापुरते घेतलेत. पहिल्या मुलाच्या चार लेव्हल्स ६, ७, ६, ७. स्टँडर्ड डेव्हिएशन ०.५८. उत्तम. दुसऱ्या मुलाच्या ४, ९, ५, १०. हे मूल डोस चुकवतंय असं धरू. २.९४. धोक्याच्या वर. आता तिसरं मूल : ६, ७, ६, १२. याने एकही डोस चुकवलेला नाही, फक्त चौथ्या वेळी रक्त डोसच्या आधी न घेता नंतर घेतलं गेलं. २.८७. दुसऱ्या आणि तिसऱ्या मुलात या मापाला काहीच फरक दिसत नाही.

तुम्ही म्हणाल, असे नमुने वगळायचे. बरोबर, काळजीने केलेल्या अभ्यासात ते वगळतात. पण वगळायला शेवटचा डोस कधी घेतला ते कुठेतरी लिहिलेलं हवं. मी ज्या रुग्णालयात बसत होते तिथल्या लॅबच्या फॉर्मवर नमुना घेतल्याची वेळ होती. डोसची वेळ लिहायला रकानाच नव्हता.

आता त्या आईबद्दल. (एथिक्स कमिटीच्या अटींप्रमाणे ओळख पटेल असे तपशील बदललेत.) मराठवाड्यातलं कुटुंब, मूल पाच वर्षांचं, यकृताचा तुकडा आईनेच दिलेला. दर महिन्याला रात्रभराचा एसटीचा प्रवास करून मुंबईत यायचं. फाईलवर रेसिडेंट डॉक्टरांचा इंग्रजीत शेरा : कम्प्लायन्स खराब, आईला समज दिली. सोबत एमएलव्हीआयचा आकडा. मी तेव्हा नुकताच तो पेपर वाचला होता. खरं सांगते, मीसुद्धा माझ्या कोडिंग शीटमध्ये त्या कुटुंबापुढे ‘लो अ‍ॅडहेरन्स’ असंच लिहिलं. पेपर, आकडा, शेरा, तिन्ही एकमेकांना दुजोरा देत होते. मी त्यांत चौथी.

तिथल्या ओपीडीत एक रुग्णमित्र ताई बसायच्या. त्यांच्या मुलाचं प्रत्यारोपण होऊन बरीच वर्षं झालेली. त्यांनी त्या आईला बाकावर शेजारी बसवून विचारलं, “आज डोस कधी दिलास गं?”

“आठला. घड्याळ चुकवायचं नाही म्हणून सांगितलंय ना डॉक्टरांनी.”

“आणि रक्त कधी दिलं?”

“रक्ताचं काय, नंबर लागला तेव्हा. दहा वाजले असतील.”

बघा, काय झालं ते. गाडी उशिरा पोचायची, पण बाई डोस आठला म्हणजे आठला द्यायची, प्रसंगी गाडीत. दोन तासांनी रक्त जायचं, म्हणजे औषध नेमकं जोरात असताना. पातळी जास्त आली म्हणून डोस कमी केला जायचा. पुढच्या महिन्यात गाडी वेळेवर आली, रक्त डोसआधी गेलं, पातळी फार कमी निघाली. मग डोस वाढव. पातळी उड्या मारत होती त्यातल्या निम्म्या उड्या आमच्याकडूनच मारल्या जात होत्या, आणि त्याचं मूळ त्या आईच्या काटेकोरपणात होतं. प्रत्यक्षात मुलाला कमी औषध मिळत असलेले महिने यात गेले होते. ही कागदावरची गंमत नाही. रिजेक्शन झालं असतं तर फाईलप्रमाणे कारण तयारच होतं.

ताईंनी सुचवलेला उपाय ऐकून तुम्हाला वाटेल, एवढंच? डोसच्या वेळा आठ-आठच्या ऐवजी दहा-दहा करा. डॉक्टरांनी लगेच मान्य केलं. ते चांगलेच डॉक्टर होते, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

यातून पेपरवर टीका काय करायची? माझी पहिली प्रतिक्रिया होती, हे माप कुचकामी आहे. ती चूक होती आणि गाईड मॅडमनी ती दहा मिनिटांत काढून टाकली. मापाने जे सांगितलं ते खरंच होतं : या मुलाची पातळी स्थिर नाही, इकडे लक्ष द्या. धोकाही खरा होता. खोटं होतं ते आम्ही त्या आकड्याला दिलेलं नाव. ‘पातळीतला चढउतार’ हे मोजलेलं आहे. ‘औषध घेण्यातला अनियमितपणा’ हा त्यावरून काढलेला अंदाज. आणि ‘आईचा निष्काळजीपणा’ हा अंदाजावरचा अंदाज. जुलाब झाले तरी टॅक्रोलिमसची पातळी वाढते. क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन सुरू केलं की ती धाडकन खाली येते. आपल्या देशात हे कारण किरकोळ म्हणता येणार नाही. बुरशीवरची काही औषधं ती वर नेतात. दर महिन्याला लॅब बदलली, तपासणीची पद्धत बदलली, तरी आकडे हलतात. या प्रत्येकाचं स्टँडर्ड डेव्हिएशन दिसायला सारखंच.

दुसरा मुद्दा मला जास्त टोचतो. हे माप काढायला किमान तीन लेव्हल्स तरी हव्यात. म्हणजे जे कुटुंब येऊच शकत नाही, ज्याचे तपासणीचे पैसे संपले, त्याचा आकडाच निघत नाही. विश्लेषणात ते ‘मिसिंग’ म्हणून बाजूला पडतं. सगळ्यात जास्त अडचणीत असलेली घरं अशी गणिताबाहेर राहतात आणि आत राहिलेल्यांची तुलना आपण एकमेकांशी करत बसतो. तुमच्या अभ्यासात कोण गळालं ही यादी निकालाच्या तक्त्यापेक्षा आधी वाचत जा. आपल्याकडे हे जास्तच लागू पडतं, कारण निधी, देणग्या, वर्तमानपत्रातली आवाहनं हे सगळं ऑपरेशनसाठी गोळा होतं. बाळाचा फोटो छापून दहा वर्षांच्या गोळ्यांसाठी कोणी पैसे मागत नाही. बरेच रुग्णमित्रही ऑपरेशनचे पैसे उभे राहिले की पुढच्या केसकडे वळतात. त्यांचाही इलाज नसतो.

आणि कायदा? अवयव प्रत्यारोपणाचा आपला कायदा १९९४ चा. २०११ च्या दुरुस्तीने प्रत्येक नोंदणीकृत रुग्णालयात प्रत्यारोपण समन्वयक सक्तीचा केला. ही फार मोठी गोष्ट झाली, समन्वयकांचं काम मी जवळून पाहिलंय. पण तो नेमतं रुग्णालय, पगार देतं रुग्णालय. अमेरिकेत २००७ च्या नियमांनी जिवंत दात्यासाठी स्वतंत्र अ‍ॅडव्होकेट बंधनकारक केला, ज्याचा प्रत्यारोपणाच्या रोजच्या कामाशी संबंध नसावा. कल्पना चांगली आहे, पण तीही दात्यापुरती. आमच्या उदाहरणातली आई दाताही होती आणि औषध देणारीही. पोटावरचा टाका भरायच्या आधी तिच्याकडे गोळ्यांचं वेळापत्रक आलं. दाता म्हणून तिची विचारपूस करणारा माणूस कायद्याने बसवता येतो. गोळ्या देणारी म्हणून तिच्यावर शेरा पडतो तेव्हा तिच्या बाजूने बोलणारा कुठल्याच नियमात नाही.

इथे एक खबरदारी. रुग्णमित्राला देव करू नका. मी करून बसले होते. ताईंच्या वहीत जे होतं ते एरवी कुठल्याच फाईलमध्ये नव्हतं, हे खरं. कोकणातल्या एका कुटुंबाला दिलेल्या मराठी पत्रकात ‘ग्रेपफ्रूट टाळा’ असं छापलेलं होतं. बाई म्हणाल्या, आमच्याकडे हे फळ मिळतच नाही. परसात पपनसाचं झाड होतं. पपनस त्याच कुळातलं आणि तेही टॅक्रोलिमसची पातळी वाढवू शकतं. हे ताईंनी विचारून काढलं. पण त्याच वहीत दोन घरांबद्दल ‘यांचं काही खरं नाही’ असंही लिहिलं होतं, आणि त्या घरांकडे त्या फारशा जात नव्हत्या. म्हणजे त्यांचाही एक शेरा होताच, फक्त मराठीत. शिवाय त्या कुटुंबाच्या वतीने बोलायला लागल्या की आई गप्प बसायची. माझ्या सुरुवातीच्या मुलाखती ऐकल्या तर निम्मं उत्तर ताईंचं आहे. नंतर मी वेगळ्या मुलाखती घेतल्या, तेव्हा काही गोष्टी उलट निघाल्या.

अशा माणसाच्या कामाचा परिणाम मोजायचा कसा, यावर एक जुना धडा आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेम हॉस्पिटलमध्ये हॅरॉल्ड फ्रीमन यांनी १९९० साली स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी पेशंट नेव्हिगेटर ठेवले. पाच वर्षं जगण्याचं प्रमाण आधीच्या काळात ३९ टक्के होतं, ते पुढच्या गटात ७० टक्क्यांवर गेलं. हे आकडे सगळीकडे नेव्हिगेटरच्या नावावर सांगितले जातात. पण त्याच काळात तिथे मोफत आणि स्वस्त तपासणीही सुरू झाली होती. मग श्रेय कोणाचं किती? त्या रचनेत हे वेगळं करताच येत नाही. फ्रीमन यांचं काम याने लहान होत नाही, पण तुम्ही सिनॉप्सिसमध्ये ‘नेव्हिगेटरमुळे जगण्याचं प्रमाण ७० टक्के झालं’ असं लिहाल तर समितीत एखादा सदस्य तुम्हाला तिथेच अडवेल. अडवायलाच हवं. आणि यावर उतारा म्हणून समाधानाची प्रश्नावली काढू नका. ज्यांच्या मुलाचा जीव वाचलाय ते लोक सगळ्यांना पाचपैकी पाच देतात, लिफ्टमनलासुद्धा.

मी काय केलं ते सांगते. आदर्श म्हणून घेऊ नका. कोडिंग शीटमधला ‘अ‍ॅडहेरन्स’ हा रकाना काढला. त्या जागी तीन रकाने आले : लेव्हल, नमुन्याआधीच्या डोसची वेळ, आणि लेव्हल हलली असेल तर कारण कोणी शोधलं. तिसऱ्या रकान्यात डॉक्टर, समन्वयक, आई, रुग्णमित्र किंवा ‘कोणीच नाही’ असं लिहायचं. आधीच्या कुटुंबांच्या फायली पुन्हा काढून भरत बसले. दुसरा रकाना बहुतेक ठिकाणी रिकामाच राहिला, कारण माहिती कुठेच नव्हती. तो रिकामा रकानाच आता माझ्या तिसऱ्या प्रकरणाचा विषय आहे. आरआरसीत एका सरांनी विचारलं, “रिकाम्या रकान्यावर प्रकरण?” मी तिसऱ्या मुलाचं गणित फळ्यावर करून दाखवलं. अर्धा तास गेला, पण प्रकरण राहिलं.

त्या मुलाच्या वेळा दहा-दहा केल्यावर पुढच्या लेव्हल्स एका रेषेत आल्या. फाईलच्या पहिल्या पानावरचा शेरा मात्र तसाच आहे, कारण शेरे कोणी खोडत नाही. दर काही महिन्यांनी नवे रेसिडेंट येतात आणि फाईल पहिल्या पानापासून वाचतात. गेल्या वेळी पुन्हा त्या आईला औषधं वेळेवर द्यायची समज दिली गेली. ती “हो डॉक्टर” म्हणाली आणि बाहेर आली. ताईंना हे कळल्यावर त्यांनी एका कागदावर मोठ्या अक्षरात वेळांचा सगळा हिशेब लिहिला, डॉक्टरांची त्यावर सही घेतली आणि तो शेऱ्याच्या बरोबर वर स्टेपल केला.